खल इकडे, बत्ता तिकडे

मी एक जुना दगडी खल आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. फाटक्या छत्रीने, बंद पडलेल्या घड्याळाने, मोडक्या खुर्चीने आपापली कहाणी तुम्हाला डोळ्यांत पाणी आणून सांगितली असेल, आणि शेवटी मोठ्या मनाने माणसांना माफही करून टाकले असेल. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी दगड आहे, आणि माझे मन किती मोठे आहे ते माझे मी बघून घेईन.

मला घडवणारा पाथरवट भलताच तिरसट होता. "आतून जरा गुळगुळीत करून द्या हो," असे कोणी म्हटले की तो छिन्नी खाली ठेवायचा आणि त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघायचा. "गुळगुळीत हवं असेल तर चिनी मातीची वाटी घ्या. खलाला आतून दात लागतात. दात नसतील तर तो चावणार कशानं?" असे म्हणून त्याने काळ्या दगडातून मला कोरले आणि माझ्या पोटात टाकीचे बारीक बारीक घाव घातले. तेच माझे दात. त्याची जीभही थोडीफार माझ्यात उतरली असावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

माझा बत्ता लाकडाचा. तो त्या पाथरवटाच्या सुतार भावाने माझ्या मापाने घडवला. त्याचे डोके माझ्या तळाशी असे बसते की मध्ये तिळालाही लपायला जागा नाही. दुसऱ्या कुठल्या खलात तो धड बसणार नाही, आणि दुसरा कुठला बत्ता मी माझ्या पोटात फिरू देणार नाही. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे दोन शहाण्या बायकांना तीच कळली नाही.

मला विकत घेतले एका आईने. बस डेपोच्या समोर तिने नुकतीच एक छोटी खाणावळ उघडली होती. मला न्यायला ती आपल्या दोन मुलींना घेऊन आली होती. थोरली आणि धाकटी. दोघींनी मला पोत्यात घातले, एकीने एक टोक धरले, दुसरीने दुसरे, आणि दुकानाची पायरी उतरायच्या आत भांडण सुरू झाले.

"ताई, तू तुझ्या बाजूनं उचलतच नाहीयेस!"

"मी नाही उचलत? मग हा काय हवेत तरंगतोय?"

रस्ताभर हेच चालले होते. आई मागून बत्ता काखेत मारून शांतपणे चालत होती. तिला या गोष्टीची सवय होती. मला नव्हती. मला तेव्हाच कळून चुकले की आपण ज्या घरात चाललो आहोत तिथे कानांना विश्रांती मिळणार नाही.

पण कामाला दोघी वाघिणी होत्या, हे मला रागातही कबूल केले पाहिजे. त्या खाणावळीत उकडलेले बटाटे, भाजलेली गाजरे, फ्लॉवर, बीट, काकडी असे साधेच काहीबाही मिळायचे, सोबत पाव. लोक मात्र त्यासाठी यायचे नाहीत. लोक यायचे त्यावर घालायच्या तिळाच्या दाट, आंबटगोड ओतणासाठी. शिकलेली माणसे त्याला ताहिनीचे ड्रेसिंग म्हणत. आमच्याकडे त्याचे नाव नुसतेच ‘पांढरं’. "जरा पांढरं वाढा", "अहो, पांढरं संपलं का?" अशा हाका दिवसभर चालायच्या.

ते कसे व्हायचे ते ऐका. थोरली मंद आचेवर पांढरे तीळ भाजायची. कढईसमोरून ती हलायची नाही, कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. तीळ तडतडायला लागले, खमंग वास सुटला, पण अजून गोरेच आहेत, असे झाले की ती कढई उतरवायची. रंग चढला की कडूपणा आलाच. मग ताटात पसरून ते निववायचे. तोवर माझ्यात लसूण आणि जाडे मीठ कुटून व्हायचे. मग मुठीमुठीने तीळ आत. आधी ते उड्या मारायचे, मग त्यांची भुकटी व्हायची, मग भुकटीचे ढेकूळ, आणि थोरली तेलाची बारीक धार सोडून मनगट फिरवतच राहिली की ढेकळाला हळूहळू तेल सुटायचे आणि सगळे मऊ, चकचकीत होऊन वाहायला लागायचे. त्या मनगटाची मला आजही आठवण येते.

धाकटीचे टेबल वेगळे होते. ती लिंबे आणि संत्री पिळायची, बिया गाळून काढायची, संत्र्याची साल वरवर किसायची, आतला पांढरा भाग येऊ न देता. पुदिना, कोथिंबीर आणि शेपूची पाने खुडून ती धारदार सुरीने अशी हलक्या हाताने चिरायची की पाने काळी पडायची नाहीत. पाल्याचा तिचा हात थोरलीला सात जन्मांत आला नसता.

दोघींची टेबले आईने मुद्दाम पाठीला पाठ लावून मांडली होती. समोरासमोर बसवल्या की हातातले काम राहायचे आणि तोंडे चालायची. तेव्हा एकीने तीळ घोटायचे आणि बाहेर पाव कापायला जायचे. दुसरीने रसाचे भांडे आणि पाला आईजवळ ठेवायचा आणि मोरीवर भांडी घासायला जायचे. मधले काम आईचे.

आणि ते मधले काम काय होते, हे जगात आईखेरीज फक्त मला आणि बत्त्याला माहीत होते.

मित्रांनो, तिळाच्या त्या मऊसूत मिश्रणात रस पडला की ते रुसते. दुसरा शब्द मला सुचत नाही. आत्ता वाहत होते ते एकदम आखडते, घट्ट होते, त्याचे कोरडे, करडे गोळे होतात. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, गेले, नासले सगळे. आई मात्र माझ्यावर वाकून हसायची. "रुसलं वाटतं?" म्हणायची. मग गार पाण्याचा पेला उचलायची, एक चमचा पाणी घालायची, बत्ता फिरवायची, आणखी एक चमचा, आणखी फिरवायची. बघता बघता ते गोळे सैल पडायचे, रंग उजळायचा, आणि माझ्या पोटात सायीसारखे पांढरेशुभ्र ओतण तयार व्हायचे. वरून पाला आणि साल भुरभुरली की झाले.

आईने ही गोष्ट लपवली नव्हती. तिला वाटायचे, मुलींनी रोज पाहिलेलेच आहे. मुलींच्या पाठी तिच्याकडे होत्या, हे तिच्या ध्यानात कधी आले नाही. मुलींनीही कधी वळून विचारले नाही. तीळ मी घोटले म्हणजे ‘पांढरं’ मीच केले, असे थोरली समजायची. रस माझा, पाला माझा, म्हणजे ते माझेच, असे धाकटी समजायची.

त्या दिवसांत माझे काय कौतुक होते! डेपोतले एक कंडक्टर रोज दुपारी यायचे. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकायचा, पण बशी पावाने पुसून लख्ख केल्याशिवाय हे गृहस्थ उठायचे नाहीत. जाताना माझ्या काठावर थाप मारून म्हणायचे, "शाबास रे काळ्या!" मला आवडायचे ते. दगडालाही शाबासकी आवडते.

मग आई गेली. थोड्या दिवसांच्या आजारपणात गेली. खाणावळ काही दिवस बंद राहिली, आणि ज्या सकाळी ती पुन्हा उघडली त्या सकाळपासून माझ्या रागाची खरी सुरुवात आहे.

थोरलीने तीळ घोटले, नेहमीसारखे सुरेख. धाकटीने रस आणला. या वेळी मधले काम करायला कोणी नव्हते, म्हणून धाकटीने तो सरळ माझ्यात ओतला आणि थोरलीने बत्ता फिरवला. व्हायचे तेच झाले. मिश्रण रुसले.

"हे काय झालं?" थोरली ओरडली. "काय घातलंस तू यात?"

"रस घातला, रोज घालतो तोच. तुझेच तीळ करपले असणार."

"माझे तीळ? वास घेऊन बघ! तुझीच संत्री नासकी आहेत."

पाणी! मी ओरडत होतो. अगं बायांनो, पाणी घाला! पेला तिथेच आहे, तुमच्या कोपराशी! पण दगडाचे ऐकतो कोण? दोघींनी ते सगळे खरवडून कचऱ्याच्या डब्यात टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा रुसले, पुन्हा डबा. रोज एकीने दुसरीवर खापर फोडायचे आणि चांगला माल कचऱ्यात घालायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. चार चमचे पाण्याचे काम, आणि या दोघी तिळावरून संत्र्यावर, संत्र्यावरून लहानपणीच्या फ्रॉकवर आणि फ्रॉकवरून आईच्या आजारपणात कोणी किती जागरणे केली त्यावर गेल्या. तिथे पोचल्यावरही दोघी थांबल्या नाहीत. एकदा बोललेले परत घेता येत नाही अशा गोष्टी त्या माझ्या डोक्यावरून बोलल्या.

शेवटी थोरलीने माझ्यातला बत्ता उपसून काढला. "हा माझा. जन्मभर मनगट मी झिजवलंय."

धाकटीने मला दोन्ही हातांनी कवटाळले. "बरं, ने. पण खल इथून हलणार नाही. आईनं या जागी ठेवलाय."

आणि झाली वाटणी. मित्रांनो, मला सांगा, असली वाटणी तुम्ही कधी ऐकली आहे? कात्रीची दोन पाती वेगळी करून दोन घरांत ठेवावीत, तसे आम्हाला वेगळे केले. बत्ता तिकडे, खल इकडे. कोणाच्याच हाती काही लागले नाही, पण दुसरीला मिळाले नाही याचे समाधान दोघींना होते.

थोरलीने रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, आपली खाणावळ थाटली. बत्ता भिंतीवर खिळ्याला टांगला आणि खाली पाटी लावली, ‘मूळ हात इथेच’. लगेच आमच्याकडे पाटी लागली, ‘मूळ चव इथेच’. मला टेबलावरून उचलून गल्ल्याशेजारी मांडले. दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. सकाळी एकीने आपला कचरा झाडत रस्त्याच्या मध्यापर्यंत न्यायचा आणि दुसरीने तो तितक्याच जोराने परत ढकलायचा, अशी तऱ्हा होती.

आता माझी शोभा कशी झाली ते ऐका. धाकटीचा नवरा तसा मनाने वाईट नाही, पण त्याला कल्पना सुचतात. पहिली कल्पना, मला साबणाने धुवायचे. साबणाने! अरे, दगडाला बारीक भोके असतात, तो साबण पितो, आणि मग महिनोन्‌महिने जे घोटाल त्याला फेसाची चव येते. पण घोटायचे होतेच कोणाला? दुसरी कल्पना, बाहेरून पॉलिश. मला बुटासारखे चमकवले. तिसरी कल्पना, आत प्लास्टिकची लिंबे. खोटी, पिवळीधमक लिंबे माझ्या पोटात भरली. ज्या पोटाने इतकी वर्षे खरा रस पचवला त्यात प्लास्टिक! आणि माझ्या पाठीमागे, आत, मिक्सर घरघरत होता. त्यात बरणीतली तयार पेस्ट, कॉर्नफ्लोअर आणि बाटलीतला लिंबाचा अर्क घालून काहीतरी फिरवायचे आणि गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "दगडी खलातलं आहे हो!" माझ्या नावावर खोटे विकले जात होते आणि मी तिथेच बसून बघत होतो. माझी तळपायाची आग मस्तकाला जायची. मला तळपाय नाही, नुसता तळ आहे, पण तुम्हाला समजले असेल.

तिकडेही काही वेगळे नव्हते. कंडक्टर दोन्हीकडे जेवून बघायचे. एकदा ते गल्ल्यापाशी थांबून धाकटीला म्हणाले, "तिकडचं घट्ट आहे, घशात अडकतं. नुसते वाटलेले तीळ. तुझं पाण्यासारखं पळतं, आणि पिठाची चव येते. आईंचं कुठेच नाही."

"तिकडे जाता कशाला मग?" धाकटी फणकारली.

"शोधायला," ते म्हणाले. त्यानंतर ते डबा आणू लागले. आमची खुर्चीही सुटली आणि समोरचीही.

गिऱ्हाईक हळूहळू ओसरले. दुपारी टेबलांवर माश्या बसायच्या. धाकटी कधीकधी माझ्यातली प्लास्टिकची लिंबे काढून मांडीवर घ्यायची आणि रिकाम्या माझ्यात बोट फिरवायची. मग नवऱ्याची चाहूल लागली की परत भरायची. मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. समोरच तुझी बहीण आहे, तिच्याकडे बत्ता आहे, मध्ये फक्त एक रस्ता आहे, जा की! असे मला ओरडावेसे वाटे.

आणि मग एका सकाळी नवऱ्याला शेवटची कल्पना सुचली.

"या खलात पुदिना लावू आपण. गिऱ्हाइकासमोर पानं तोडायची आणि बशीत टाकायची. ताजा पाला! लोक वेडे होतील."

"झाड लावायचं? खलात?" धाकटी म्हणाली.

"फक्त तळाला एक भोक पाडावं लागेल. नाहीतर पाणी साचून मुळं कुजतील. नळवाल्याकडे ड्रिल आहे."

धाकटीने माझ्या काठावरून हात फिरवला. "आईचा आहे तो," ती एवढेच म्हणाली.

"आईचाच राहील की! फक्त खाली भोक असेल."

खाली भोक असेल! मित्रांनो, भोक पडलेल्या खलाला काय म्हणतात माहीत आहे? कुंडी म्हणतात. आज ना उद्या ही लिंबे जातील, कोणाला तरी अक्कल येईल, या आशेवर मी तग धरून होतो. भोक पडले की सगळेच संपले. मग दोघी बहिणी गळ्यात गळे घालून आल्या तरी माझ्यात थेंबभर रस ठरणार नव्हता. आणि धाकटी, मला कवटाळून ‘हलणार नाही’ म्हणणारी धाकटी, तिने खांदे पाडले आणि म्हणाली, "करा काय करायचं ते."

नळवाला आला. धूळ आत नको म्हणून मला दाराबाहेर, पायरीवर ठेवले. लांब वायर ओढून ड्रिल जोडले. नळवाल्याने माझ्या पोटात वाकून पाहिले, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "दगड चांगला आहे हो. फुटला तर मला बोलायचं नाही."

मग त्याने ते माझ्या तळाला टेकवले आणि चालू केले.

पाथरवटाचे घाव मी सोसले होते. ते घडवायचे घाव होते. हे तसे नव्हते. सगळी गल्ली त्या आवाजाने दणाणली, माझे दात भुकटी होऊन उडू लागले, पॉलिशवर पांढरी धूळ बसली. आणि मी मनातल्या मनात त्या पाथरवटाला आठवत होतो. त्याने मला जाड तळाचा घडवला होता, त्याचे भले होवो.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक किंकाळी आली.

"ए! बंद कर ते! बंद कर आधी!"

थोरली येत होती. पदर खोचलेला, केस सुटलेले, आणि हातात बत्ता. भिंतीवरून खिळ्यासकट उपसून आणलेला. समोरून येणारी बस तिच्यासाठी कचकन थांबली, तिने तिकडे बघितलेही नाही. नळवाल्याने तिच्या हातातली वस्तू पाहिली आणि ड्रिल आपोआप बंद केले.

"मला काम सांगितलंय ताई," तो चाचरत म्हणाला. "मी आपला..."

"तू हो बाजूला." तिने सरळ बत्ता माझ्यात उभा केला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. "आता चालव बघू. काय हो जावईबापू, आईच्या खलाला भोक पाडताय? उद्या आईच्या फोटोला पाडाल!"

मित्रांनो, बत्ता माझ्यात उतरला. इतक्या वर्षांनी. त्याचे डोके माझ्या तळाशी बसले, आणि थोडे डगमगले, कारण तळाला आता एक खड्डा पडला होता. मला काय वाटले ते मी सांगणार नाही. रागावलेल्याने असल्या गोष्टी सांगू नयेत.

धाकटी दारात आली. "तुझा काय संबंध? बत्ता नेलास ना? खल माझा आहे. मी फोडीन नाहीतर पुरीन."

"फोडशील! फोडण्यातच आयुष्य गेलं तुझं. सगळं तुझ्या त्या नासक्या रसानं फाटलं."

"माझ्या रसानं? तुझ्या करपलेल्या तिळानं!"

"चल मग!" थोरलीने मला एका बाजूने धरले. "चल आत. आत्ताच्या आत्ता करू. बघूच कुणामुळे फाटतं ते. उचल तिकडून!"

"उचलतेच आहे! तू उचल!"

दोघींनी मला आत नेले. नवरा आणि नळवाला भिंतीला पाठ लावून उभे राहिले. थोरलीने माझ्यात नाक घातले आणि तिचा चेहरा बदलला. "साबण? याला साबण लावलात?" तिने मूठभर जाडे मीठ आणि लिंबाच्या साली घेऊन मला असे रगडले की माझी कातडी निघावी. धूळ, साबण सगळे उपसून काढले, पुन्हा पुन्हा पाण्याने खळबळले. ही पहिली चांगली गोष्ट कितीतरी वर्षांनी माझ्या वाट्याला आली.

"तीळ तरी आहेत का घरात?" तिने विचारले.

धाकटीने फळीवरून डबा काढला. काठोकाठ भरलेला, ताजा. मिक्सरच्या त्या कामाला तीळ लागतच नव्हते. तरी ती आणून ठेवत होती. थोरलीने डब्याकडे पाहिले, धाकटीकडे पाहिले, आणि कढई चुलीवर ठेवली.

मग सगळे पूर्वीसारखे झाले. तडतड, खमंग वास, लसूण, मीठ, मनगट. मनगट आता दुखत होते, तिच्या श्वासावरून मला कळत होते, पण तिने ते थांबू दिले नाही. पाठीमागे सुरीचा तोच हलका आवाज, पुदिन्याचा, शेपूचा वास. तिळाला तेल सुटले. चकचकीत, वाहते. धाकटी रसाचे भांडे घेऊन आली, समोर उभी राहिली, या वेळी पाठ करून नव्हे, आणि तिने रस ओतला.

रुसले. घट्ट, करडे, गोळे गोळे.

"बघ!" थोरली कडाडली. "बघ तुझ्या डोळ्यांनी! तुझा रस!"

"तुझे तीळ!"

"तू आईलाही असंच..."

"आईचं नाव काढू नकोस! आई तुझ्यामुळे..."

थोरली थांबत नव्हती. रागाने ती बत्ता फिरवत होती, दात-ओठ खात, जणू माझ्यात तिळांऐवजी बहीणच आहे. धाकटीने कोपराशी असलेला गार पाण्याचा पेला उचलला आणि भर्रकन थोरलीच्या तोंडावर फेकला.

थोरलीच्या केसांवरून, नाकावरून, हनुवटीवरून पाणी निथळले आणि माझ्यात पडले. पण तिचा हात थांबला नाही. रागावलेल्या माणसाचा हात लवकर थांबत नाही. एक फेरा, दुसरा फेरा, आणखी काही फेरे.

गोळे सैल पडले. करडा रंग उजळला. आधी कडेने, मग मधून, ते वाहायला लागले. दोघी बघत राहिल्या. माझ्या पोटात सायीसारखे पांढरेशुभ्र, आईच्या हातचे, ‘पांढरं’ फिरत होते.

नळवाला पुटपुटला, "हे बरं झालं."

थोरलीने बोट बुडवून चाटले. मग तेच बोट पुन्हा बुडवून धाकटीच्या तोंडापुढे धरले. धाकटीने चाटले आणि डोळे मिटले.

"पाणी," थोरली म्हणाली. "नुसतं पाणी."

"आई रोज म्हणायची," धाकटी म्हणाली, "पाठीमागून. ‘रुसलं वाटतं?’ मला वाटायचं, तुला म्हणते."

थोरलीने ओल्या पदराने तोंड पुसले. "मला वाटायचं, तुला."

आणि मग त्या दोघी खाली, ओल्या फरशीवर बसल्या आणि मोठमोठ्याने रडल्या. मी रडलो नाही. मला तर आणखीच संताप आला. एक पेलाभर पाणी! त्यासाठी दोन पाट्या, दोन खाणावळी, ढकललेला कचरा, टाकून दिलेले तीळ, आणि भरून न येणारी इतकी वर्षे! तुम्हीच सांगा, कोणाला माफ करू?

आता शेवटचे ऐका. दोन्ही खाणावळी अजून दोन्हीकडे आहेत, पाट्या मात्र उतरल्या. मिक्सर आहे, पण त्यात आता कोणी खोटे फिरवत नाही. रोज सकाळी थोरली बत्ता काखेत मारून रस्ता ओलांडून येते, दोघी मिळून ‘पांढरं’ करतात, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. काम झाले की ती बत्ता परत घेऊन जाते. इथे ठेवायचा विश्वास नाही म्हणे, जावईबापूंना पुन्हा काही सुचले तर! तिळावरून, संत्र्यावरून भांडण रोज होते. कंडक्टर पुन्हा येतात, आणि त्यांचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला साबण लावू नका. त्याच्यात प्लास्टिकची लिंबे भरू नका, आणि भोक तर मुळीच पाडू नका. वापरायचा असेल तर वापरा, नाहीतर निदान त्याच्या नावावर खोटे सांगू नका. आणि चांगले चाललेले काही एकाएकी घट्ट होऊन बसले, तर डब्यात टाकायच्या आधी थोडे पाणी घालून बघा. मला ओरडून सांगता येत नाही, म्हणून इथे सांगतो आहे.

तळाशी मला ड्रिलचा एक खड्डा राहिला आहे. आरपार गेला नाही, पण आता बुजणारही नाही. रोज त्यात तीळ अडकतात आणि सुकले की दगडासारखे होतात. ते काढायला मला कलंडवून धरावे लागते, आणि मी एका माणसाला कलंडत नाही. एकीने धरायचे, दुसरीने खरवडायचे.

"नीट धर ना, ताई!"

"धरलाय! तू खरवड!"

मी जड आहेच. पण खरे सांगू का, त्या वेळी मी अंग आणखी थोडे जड करतो.